जुन्या मिलचे तीन शेअर

मुरारजी पेठेतली जुनी मिल बंद पडून कितीतरी वर्षं झाली. पत्ता सांगताना लोक अजून ‘जुनी मिल कंपाउंड’ म्हणतात, तेवढंच तिचं सोलापुरात उरलेलं अस्तित्व. देशभरातल्या लॉ कॉलेजांत मात्र ती चालू आहे. घटनेच्या चौदाव्या कलमाचा, म्हणजे कायद्यापुढच्या समानतेचा तास सुरू झाला की प्राध्यापक चिरंजितलाल चौधरी विरुद्ध भारत सरकार हा १९५० चा खटला काढतात. त्यातली कंपनी म्हणजे ‘शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी लिमिटेड’, आमची जुनी मिल. माझे आजोबा तिथं साचे चालवायचे. आपल्या मिलचं नाव सर्वोच्च न्यायालयात गाजतंय, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

माझं ऑफिस अक्कलकोट रोड एमआयडीसीत, एका टॉवेल कारखान्याच्या माळ्यावर. खाली माग चालू असले की फोनवर ओरडून बोलावं लागतं. पीएफ, ईएसआय, कंपनी रजिस्ट्रारकडचे फॉर्म, कामगार खात्याच्या नोटिशीला उत्तर, असली माझी कामं. काळा कोट क्वचितच अंगावर चढतो, तरी लोक वकीलसाब म्हणतात. इथले बरेचसे कारखानदार पूर्व भागातले पद्मशाली. घरात तेलुगू, बँकेत मराठी, ब्रोकरशी हिंदी. त्यांच्यापैकी एकानं मार्चअखेरीच्या धांदलीत मला विचारलं, “वकीलसाब, आपला कारखाना बंद पडला तर सरकार घेऊ शकतंय का ओ?” विचारण्यामागं भीती होती की आशा, त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. हो किंवा नाही म्हणून मोकळं होता येईल असा हा प्रश्न नव्हे. त्याच्या उत्तरात सोलापूरची जुनी मिल येते, आणि तिच्या मागोमाग वॉशिंग्टनमधलं एक हॉटेलही येतं.

आधी मिल. रेल्वे सोलापुरात १८६० मध्ये पोहोचली. १८७६-७७ च्या दुष्काळानं हा जिल्हा उजाड केला आणि कामाला माणसं हवी तेवढी, हव्या त्या मजुरीत मिळू लागली. मुंबईचे मोरारजी गोकुळदास यांनी १८७७ मध्ये इथं सूतगिरणी घातली. मुरारजी पेठ हे नाव त्यांचंच. पुढं नरसिंग गिरजी आली, लक्ष्मी-विष्णू आली आणि गाव भोंग्यावर चालायला लागलं. गिरण्यांना माणसं पुरवणारी आणखी एक जागा सोलापुरात होती: सेटलमेंट. गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्या जमातींवर सरकारनं शिक्का मारला, त्यांची कुटुंबं तारेच्या कुंपणात ठेवलेली असत. तिथून माणसं मिलमध्ये कामाला जात आणि हजेरीसाठी परत येत. ही सेटलमेंट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढं तिचं काम पडणार आहे.

कंपनीचं भांडवल ४८ लाखांचं. हजार रुपयांचे १,५९० साधे शेअर, पाचशे रुपयांचे २० आणि शंभर रुपयांचे ३२,००० प्रेफरन्स शेअर. साध्या शेअरचे पैसे पूर्ण भरलेले होते. प्रेफरन्सवर मात्र शंभरातले पन्नासच भरलेले; उरलेले पन्नास कंपनी मागेल तेव्हा द्यायचे. या न मागितलेल्या पन्नास रुपयांनीच पुढं देशाची घटना बदलायला लावली, म्हणून त्यांचा उल्लेख.

१९४९ च्या जुलैअखेर संचालकांनी नोटीस लावली आणि २७ ऑगस्टला मिलला टाळं लागलं. आजीच्या आठवणीत त्या दिवसाची तारीख नव्हती. भुसारी दुकानदारानं उधारीची वही बंद केली तो दिवस तिच्या लक्षात होता, आणि तो लगेच दुसऱ्या दिवशीचा असावा. आधी सरकारनं कंट्रोलर नेमून पाहिलं, जमलं नाही. शेवटी ९ जानेवारी १९५० रोजी गव्हर्नर जनरलनी वटहुकूम काढला. शीर्षकातच कंपनीचं नाव. गैरकारभार आणि हयगय यांमुळे एका गरजेच्या वस्तूचं उत्पादन घटलं आहे आणि समाजातल्या काही वर्गात मोठी बेकारी आली आहे, म्हणून हा उपाय, असं प्रस्तावनेत म्हटलं होतं. घटना लागू व्हायला तेव्हा सतरा दिवस बाकी होते. एप्रिलमध्ये संसदेनं त्याच वटहुकमाचा कायदा केला, १९५० चा अठ्ठाविसावा.

कायद्यानं काय केलं? मॅनेजिंग एजंट आणि संचालक घरी बसले. सरकारनं आपले संचालक नेमले. केंद्रानं हा अधिकार मुंबई सरकारकडं सोपवला. भागधारकांना संचालक निवडता येईना. त्यांनी सभेत केलेला ठराव सरकार मान्य करील तरच अमलात. कंपनी गुंडाळायची तर सरकारच्या संमतीशिवाय नाही. शेअर मात्र ज्याचे त्याच्याकडेच राहिले. आजोबांच्या दृष्टीनं यातलं एकच कलम महत्त्वाचं होतं, आणि ते कायद्यात कुठंच छापलेलं नव्हतं: भोंगा पुन्हा वाजला.

चिरंजितलाल चौधरी थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्याकडं तीन साधे शेअर होते, त्यातले दोन अजून नावावर चढलेलेही नव्हते, आणि ऐंशी प्रेफरन्स शेअर, तेही बँक ऑफ बडोदाकडं तारण. त्यांचं म्हणणं असं की देशात गैरकारभाराच्या कंपन्या पुष्कळ. मग नाव घेऊन एकाच कंपनीसाठी कायदा कसा? समानता कुठं राहिली?

घटना जेमतेम वर्षाची व्हायची होती आणि तीन शेअरचा माणूस संसदेच्या कायद्याला थेट देशातल्या सर्वांत मोठ्या कोर्टात बोलावत होता. ही वाट ३२ व्या कलमानं उघडली. घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी याच तरतुदीला सबंध घटनेचा आत्मा म्हटलं होतं. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या त्या माणसाला अमेरिकेत ही वाट किती आडवळणानं निघाली, याची जाण असणारच.

तिकडं १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात दारं-खिडक्या लावून घटना लिहिली गेली. पंचावन्न प्रतिनिधी येऊन गेले, एकोणचाळिसांनी सह्या केल्या. काँग्रेसचं काम पानोपानी मांडलं, अध्यक्षाचंही बऱ्यापैकी. न्यायसंस्थेचं कलम थोडक्यात आटोपलं. काँग्रेसनं केलेला कायदा कोर्टाला रद्द करता येईल, असं एकही वाक्य त्या घटनेत नाही. घटनेची बाजू मांडताना अलेक्झांडर हॅमिल्टननं हा अधिकार कोर्टाचाच असल्याचं सांगितलं होतं. पण ते घटनेच्या एका वकिलाचं मत, घटनेचा मजकूर नव्हे. कोर्टाला मानही फारसा नव्हता. पहिले सरन्यायाधीश जॉन जे न्यूयॉर्कचं गव्हर्नरपद मिळाल्यावर १७९५ मध्ये राजीनामा देऊन गेले, आणि पाच वर्षांनी पुन्हा बोलावलं तर, या कोर्टात दम नाही म्हणून आलेच नाहीत. ती जागा अध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी आपले परराष्ट्रमंत्री जॉन मार्शल यांना दिली.

ॲडम्स निवडणूक हरले होते. जाता जाता त्यांनी आपल्या माणसांच्या नेमणुकांचा सपाटा लावला. त्यात विल्यम मारबरी, पैसेवाला गृहस्थ, वॉशिंग्टन परिसरातला मॅजिस्ट्रेट म्हणून नेमला गेला. पाच वर्षांचं किरकोळ पद. नेमणुकीच्या कागदावर सही झाली, मोहोर उठली, पण कागद पोहोचवायचा राहिला. पोहोचवण्याची जबाबदारी परराष्ट्रखात्याची, म्हणजे खुद्द मार्शल यांची! नवे अध्यक्ष जेफरसन यांनी उरलेले कागद देऊ नका म्हणून बजावलं. मारबरी थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १७८९ च्या न्यायव्यवस्था कायद्याच्या तेराव्या कलमात तशी सोय होती. काँग्रेस इतकी चिडलेली की तिनं कोर्टाचं सत्रच रद्द केलं, आणि डिसेंबर १८०१ पासून फेब्रुवारी १८०३ पर्यंत देशाचं सर्वोच्च न्यायालय भरलंच नाही.

भरलं ते पाहुण्यासारखं. स्वतःची इमारत त्या कोर्टाला १९३५ पर्यंत नव्हती. काँग्रेसच्याच कॅपिटॉल इमारतीतल्या एका खोलीत ते बसे. या खटल्याच्या वेळी न्यायमूर्ती चेस यांचा पाय सुजलेला, म्हणून ते उतरले होते त्या स्टेल्स हॉटेलात बैठक हलवली आणि २४ फेब्रुवारी १८०३ रोजी मार्शल यांनी निकाल तिथंच वाचला. मारबरीचा हक्क खरा, ते म्हणाले. कागद अडवणं बेकायदेशीर, हेही खरं. पण सर्वोच्च न्यायालयात पहिल्या पायरीलाच येता येईल असे दावे घटनेनं मोजून दिलेले आहेत आणि हा त्यात बसत नाही. ज्या तेराव्या कलमानं तो बसवला, ते कलम घटनेविरुद्ध, म्हणून रद्दबातल. मारबरीला काही मिळालं नाही. जेफरसन यांना काही करायचा हुकूम झाला नाही, त्यामुळं तो मोडायचा प्रश्नच उरला नाही. आणि कोर्टानं एक लहान अधिकार नाकारून भलामोठा खिशात घातला. माझ्या धंद्यात अशी चाल मी एकदाच पाहिली आहे. आमच्या एमआयडीसीतल्या एका जुन्या ब्रोकरनं दोन गठ्ठ्यांची दलाली सोडून सबंध हंगामाचा सौदा मारला होता.

हा अधिकार केंद्रीय कायद्यावर पुन्हा वापरायला अमेरिकेच्या कोर्टानं चोपन्न वर्षं घेतली. १८५७ चा ड्रेड स्कॉट. काळा माणूस देशाचा नागरिक होऊ शकत नाही, आणि काही प्रदेशांत गुलामी बंद करणारा काँग्रेसचा कायदा घटनेत बसत नाही, कारण तो गुलामाच्या मालकाची मालमत्ता हिरावतो, असा तो निकाल. मार्शल यांची गोष्ट सांगणारे पुष्कळदा १८०३ लाच थांबतात. मला ते पटत नाही. अधिकार हातात आला तेव्हा दुसऱ्यांदा तो कुणासाठी वापरला, हे सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी कशी होईल?

आपल्या मुलखातही कोर्ट आणि सरकार पूर्वी एकदा भिडले होते. १८२८ मध्ये पुण्याच्या मोरो रघुनाथ या मुलाला त्याच्या नातेवाइकाच्या ताब्यातून हजर करा, असा हुकूम मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टानं काढला. गव्हर्नर माल्कमनं आपल्या माणसांना तो मानू नका म्हणून सांगितलं. तिघांपैकी दोन न्यायाधीश त्याच साली वारले, राहिलेल्या ग्रँट यांनी रागानं एप्रिल १८२९ मध्ये कोर्टाला कुलूप लावलं आणि प्रकरण विलायतेला गेलं. प्रिव्ही कौन्सिलनं माल्कमची बाजू उचलली. मार्शल यांच्या पाठीशी लिहिलेली घटना होती. ग्रँट यांच्याकडं राजाची सनद होती, आणि राजाच्याच माणसांनी तिचा अर्थ आखडून दिला.

चिरंजितलाल यांच्या खटल्यात हा पेच नव्हता. मार्शल यांना युक्तिवादानं काढावी लागली ती गोष्ट आपल्या तेराव्या कलमात पांढऱ्यावर काळी लिहिलेली आहे: मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा तेवढ्यापुरता रद्द. इतकं लिहून ठेवूनही जागेची तऱ्हा मात्र अमेरिकेसारखीच. आपलं सर्वोच्च न्यायालय २८ जानेवारी १९५० पासून १९५८ पर्यंत संसद भवनात, संस्थानिकांसाठी बांधलेल्या चेंबर ऑफ प्रिन्सेसमध्ये बसायचं. संसदेनं केलेला सोलापूरच्या मिलचा कायदा टिकतो की नाही, हे संसदेच्याच छपराखाली ठरलं.

निकाल ४ डिसेंबर १९५० रोजी लागला, तीन विरुद्ध दोन. सरन्यायाधीश कानिया, फझल अली आणि मुखर्जी यांनी याचिका फेटाळली. त्यांचं म्हणणं, एकच कंपनीसुद्धा वेगळा वर्ग होऊ शकते. लोकांची गरज कायदेमंडळाला कळते, असं कोर्टानं आधी धरून चालायचं. तसं नाही हे सिद्ध करण्याचा भार तक्रार करणाऱ्यावर. अशाच अवस्थेतल्या दुसऱ्या गिरण्या सरकारनं सोडून दिल्या, हे चौधरींनी दाखवलेलं नाही. शेअर अजून त्यांचेच आहेत. विकावेत, लाभांश निघाला तर घ्यावा. पतंजली शास्त्री आणि सुधीरंजन दास यांना हे पटलं नाही. नाव घेऊन एकाला वेगळं काढलं की वर्गीकरण कसलं राहिलं, असा त्यांचा रोख. दोन्ही बाजूंनी अमेरिकेचे निवाडे समोर ठेवले होते, कारण चौदाव्या कलमातली समान संरक्षणाची हमी अमेरिकेच्या चौदाव्या घटनादुरुस्तीतून आलेली. त्या देशात तर नाव घेऊन एखाद्याला कायद्यानंच शिक्षा ठोठावायला घटनेत सुरुवातीपासून मनाई.

इथं मला सेटलमेंट आठवते. माणसांच्या जमातींची नावं सरकारी राजपत्रात छापून जन्मतःच त्यांना हजेरीवर ठेवणारा कायदा याच गावात, याच गिरण्यांच्या शेजारी, वर्षानुवर्षं चालला. तो कायदा देशातून १९५२ मध्ये गेला. नाव घेऊन केलेला कायदा समानतेत बसतो का, या प्रश्नावरचा आपला गाजलेला पहिला खटला तारेच्या कुंपणामागून आला नाही. तारण ठेवलेल्या शेअरांच्या मालकाकडून आला. चौधरींची यात काही चूक नाही. दार उघडं होतं, त्यांना वकील परवडत होता, ते गेले. मारबरीही गेला होता.

दाव्याच्या शीर्षकात मिलचे कामगारही नाहीत. कायदा ज्यांच्या बेकारीसाठी केला म्हणून प्रस्तावना सांगते, ती हजारो माणसं दोन्ही खटल्यांत कुठंच पक्षकार नव्हती. दोन्ही म्हणायचं कारण, दुसरा खटला तोवर मुंबईत सुरू झाला होता.

सरकारच्या संचालकांना मिल चालवायला पैसा हवा होता. त्यांनी प्रेफरन्सवरचे ते उरलेले पन्नास रुपये मागितले. ३२,००० शेअरचे १६ लाख. द्वारकादास श्रीनिवास या भागधारकानं नकार दिला. त्याचा मुद्दा सरळ होता. तुम्हाला संचालक करणारा कायदाच अवैध असेल, तर तुम्ही मागणारे कोण? मुंबई उच्च न्यायालयात तो हरला आणि अपिलात दिल्लीला गेला. पहिल्या वेळी अल्पमतात असलेले पतंजली शास्त्री आता सरन्यायाधीश होते. निवृत्तीला पंधरवडा उरला असताना, १८ डिसेंबर १९५३ रोजी निकाल आला. मुख्य निकालपत्र मेहरचंद महाजन यांचं. या खेपेला पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं. कागदावर मालकी ठेवून कारभार, मतदान, कंपनी मोडायचा हक्क सगळं काढून घेतलं, तर ती मालमत्ता घेतल्यासारखीच आहे. ३१ व्या कलमाप्रमाणं भरपाई हवी. ती नाही, म्हणून कायदा रद्द. तीन वर्षांपूर्वी चौधरींना जे दिलं नव्हतं, ते द्वारकादासला मिळालं.

वकील म्हणून मला हा निकाल पहिल्यापेक्षा भक्कम वाटतो. साच्यावरच्या माणसाचा नातू म्हणून तो वाचताना, त्या वेळी मिलमध्ये काम करणाऱ्यांचं पुढं काय, हे पान उलटत शोधत बसायची सवय सुटत नाही. ते त्या निकालाचं काम नव्हतं, हेही कळतं. कोर्टासमोर ज्याचा दावा असतो, त्याच्याच मापाचा निकाल निघतो.

सरकारनं उत्तर दिलं ते घटनाच बदलून. त्याच डिसेंबरात बेला बॅनर्जी आणि सुबोध गोपाल हे बंगालचे दोन निकालही मालमत्तेच्या बाजूनं लागले होते. तिन्हींवर उतारा म्हणून चौथी घटनादुरुस्ती आली आणि २७ एप्रिल १९५५ पासून लागू झाली, सोलापूरच्या निकालानंतर सोळा महिन्यांत. न्यायालयाचा अपमान झाला अशी ओरड तेव्हा झाली, अजूनही होते. पण अमेरिकेनं आपल्या हक्कांच्या सनदेनंतर केलेली पहिली दुरुस्ती कशासाठी होती? कोर्टाचा निकाल पुसण्यासाठीच. युद्धात जॉर्जिया राज्याला पुरवलेल्या मालाचे पैसे बुडाले. त्या मालात कापड होतं. पुरवठादाराच्या वतीनं चिझम नावाच्या माणसानं राज्यावर दावा लावला, आणि १७९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दावा चालेल असं ठरवलं. राज्यांचं धाबं दणाणलं, सगळ्यांच्याच डोक्यावर युद्धाची देणी होती. १७९५ च्या फेब्रुवारीपर्यंत अकरावी दुरुस्ती मंजूर होऊन तो दरवाजा बंद झाला. त्यांना दोन वर्षं लागली, आपल्याला सव्वा. फरक पुढं पडला: त्यांच्या दुरुस्त्या सव्वादोनशे वर्षांत सत्तावीसवर थांबल्या, आपण शंभरी कधीच ओलांडली.

चौथ्या दुरुस्तीवर राज्यसभेत मार्च १९५५ मध्ये डॉ. आंबेडकर बोलले. तेव्हा ते सरकारात नव्हते. ३१ वं कलम आपलं नव्हे, मसुदा समितीचंही नव्हे, असं त्यांनी सांगून टाकलं; नेहरू, पटेल आणि पंत यांची मतं जुळेनात, त्या तडजोडीतून ते निघालं, आणि इतकं बेढब झालंय की त्याच्याकडं पाहायलाही आपल्याला आवडत नाही, असा त्यांचा सूर होता. घटना लिहिणाऱ्यानं एका कलमाला असं हात झटकून मोकळं व्हावं, याचं कॉलेजात मला आश्चर्य वाटलं होतं. आता वाटत नाही. मालमत्तेचं कलम कुठल्याच देशात शांत डोक्यानं लिहिलेलं दिसत नाही.

पुढची हकीकत भरभर सांगतो. घटना किती बदलता येते, या भांडणात १९७३ चा केशवानंद निकाल आला, १९८० चा मिनर्व्हा मिल्सचा आला. मिनर्व्हा बंगळूरची, म्हणजे पुन्हा एकदा सरकारनं ताब्यात घेतलेली कापडाची गिरणीच. घटनादुरुस्तीच रद्द करायचा अधिकार आपल्या कोर्टानं घेतला. मार्शल यांच्या कोर्टानं तिथवर कधी हात घातला नाही. मालमत्तेचा मूलभूत हक्क ४४ व्या दुरुस्तीनं २० जून १९७९ पासून काढला. ज्याला आंबेडकर बेढब म्हणाले ते ३१ वं कलम गेलं आणि ३०० अ आलं. कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढता येत नाही, एवढंच ते सांगतं. जुनी मिल मात्र कुठल्याच कलमानं वाचली नाही. माग पूर्व भागातल्या घराघरात गेले, तिथून शेडमध्ये, आणि शेड अक्कलकोट रोडला आले.

त्या कारखानदाराला मी पहिल्यांदा विचारलं, “अण्णा, प्लॉट कुणाचा?” तो म्हणाला, “आपलाच की.” मी त्याला त्याचाच भाडेपट्टा दाखवला. एमआयडीसीचा प्लॉट पंच्याण्णव वर्षांच्या करारावर असतो. जमीन १९६१ च्या औद्योगिक विकास कायद्याखाली आधी कुणा शेतकऱ्याकडून घेतलेली, आणि मालकी महामंडळाची. तेव्हा घेण्याचा प्रश्न मशिनांचा आणि कारभाराचा. मशिनं सरकारनं घेतली तर ३०० अ आहे. कारभाराचं उत्तर कपाटातल्या घटनेच्या प्रतीत, ३१ अ कलमात. १९५५ साली घातलेली त्याची पोटकलमं अजून शाबूत आहेत. (ब) सांगतं, लोकहितासाठी किंवा मालमत्तेचा कारभार नीट चालावा म्हणून सरकारनं ठराविक मुदतीसाठी व्यवस्थापन हातात घेणारा कायदा केला, तर समानतेच्या कलमाखाली तो पडत नाही. (ड) सांगतं, मॅनेजिंग एजंट, संचालक यांचे हक्क आणि भागधारकांचे मतदानाचे हक्क संपवणारा किंवा बदलणारा कायदाही तसाच. सोलापूरचं नाव तिथं नाही. पण मॅनेजिंग एजंट, संचालक, भागधारकाचं मत, हा क्रम ९ जानेवारी १९५० च्या त्या वटहुकमातलाच.

अण्णानं दोन्ही पोटकलमं बोट ठेवून वाचली. मग विचारलं, “आणि पगाराचं काय लिहिलंय?”

“यात नाही,” मी म्हणालो. “त्याचा कायदा वेगळा.” आणि त्याची पीएफची थकबाकी काढून पुढं ठेवली.